मुलींची पत्रं आणि घोडभीमा डॉट कॉम

मुलीच्या नावानं आलेलं पत्र मुलीच्या हातात द्यायचं नाही, बापाच्या हातात द्यायचं. हा आमच्या वधू-वर सूचक मंडळाचा पहिला नियम. "का?" असं विचारायचं नाही, हा दुसरा!

किस्से शोधायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. चाळीस मुली, पन्नास-साठ मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाईला आलेले त्यांचे आईबाप एका खोलीत आणून बसवा. दर रविवारी एक तरी किस्सा आपोआप गळून पडतो. उचलून ठेवायचं काम तेवढं माझं. तीन वर्षांत इतके साठले की आता कुणी नुसतं "मंडळ" म्हटलं तरी मी हसायला लागते आणि समोरच्याला वाटतं, हिचं काहीतरी बिघडलंय.

तर मी सुवर्णा. शिरूरची. बी.एस्सी. कॉम्प्युटर. दोन हजार सालानंतरची गोष्ट ही, म्हणजे कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला लोक "ती कॉम्प्युटरवाली" म्हणायचे आणि टीव्ही बिघडला तरी बोलवायचे. मंडळाचे अध्यक्ष आबा माझ्या वडिलांचे मामा. त्यामुळे नोकरी लागली, आणि त्यामुळेच सोडता येईना! उपाध्यक्ष आप्पा, तिकडे दौंड तालुक्यातल्या भांडगावचे. चिटणीस गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, पण हातातला खडू सुटलेला नाही. हे तीन आणि आणखी चार संचालक. सात टोप्या आणि मी.

नियमाबद्दल मी आधी थट्टाच करायचे. मग एक दिवस लग्न झालेली एक मुलगी ऑफिसात आली. नाव सांगत नाही. तिला पुण्याच्या एका मुलानं पत्र लिहिलं होतं, "लग्नानंतर पुढं शिकायचं असेल तर माझी हरकत नाही." मंडळानं ते नियमाप्रमाणे तिच्या वडिलांना दिलं. वडिलांनी बघितलं, मुलाकडे बागायत नाही, आणि कपाटात टाकलं. दीड वर्षानं माहेरी कपाट आवरताना ते तिला सापडलं. तेव्हा तिच्या मांडीवर बाळ होतं.

ती म्हणाली, "ताई, उत्तर देऊन टाका हो त्याला. उशीर झाला म्हणावं."

तेव्हापासून मी थट्टा बंद केली. म्हणजे नियमाची. बाकीच्यांची चालूच आहे.

*

पुण्यातल्या एका मंडळानं वेबसाइट काढली हे आबांच्या कानावर आलं, आणि त्यांना झोप येईना. "आपलीबी पायजे. आन् नाव आपल्या मालकीचं पायजे. दुसऱ्याच्या नावाखाली आपुन न्हाई बसायचं."

नावासाठी बैठक. गुरुजींनी कागदावर मंडळाचं पूर्ण नाव लिहून आणलेलं: सुरुवातीला श्री, मग कुलदैवत, मग समाजाचं नाव, मग वधू-वर सूचक, मग व समाजोन्नती मंडळ, शिरूर, जिल्हा पुणे, रजिस्टर नंबरासह.

मी म्हटलं, "गुरुजी, त्रेसष्ट अक्षरांच्या पुढं जाता येत नाही."

"मग जिल्हा काढ," गुरुजी म्हणाले, मोठा त्याग केल्यासारखे.

आप्पा उठले. "शिरूर ऱ्हाणार आसंल तर दौंडबी पायजे! आमी काय नुसत्या सतरंज्या उचलायला येतो व्हय?"

तासभर भांडण झालं. शेवटी मीच म्हटलं, गावांची नावं नकोत, नद्यांची घेऊ. तुमची घोड, त्यांची भीमा. सगळे खूश झाले. दोनच मिनिटं. कारण आधी कोण?

आप्पा म्हणाले, "भीमा मोठी. घोड येऊन भीमेला मिळती. म्हंजी नवरी तुमची, घर आमचं! घराचं नाव आदी."

आबांनी टोपी सारखी केली. "आप्पा, मंडळाची पाटी वाचा भायेरची. वधू-वर लिवलंय. वर-वधू न्हाई. नवरीचं नाव आदी!"

घोडभीमा डॉट कॉम पास!

*

नाव नोंदवायला क्रेडिट कार्ड लागायचं. ते आमच्या सात टोप्यांपैकी एकीखालीही नव्हतं. माझ्या मैत्रिणीचा भाऊ पुण्यात नोकरीला, त्याच्या कार्डावर काम झालं. एस.टी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत मी, आबा, आप्पा आणि गुरुजी एका कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून बसलेलो. फॉर्ममध्ये मालकाचा ई-मेल विचारला. आबांचा नव्हता, आप्पांचा नव्हता. "तुझा टाक सध्या," आबा म्हणाले. मी टाकला. मालकाचं नाव विचारलं. "तेबी तुझंच टाक, लाइन जाईल आत्ता." तेही टाकलं!

"झालं?" आबांनी विचारलं. "किती वर्सं?"

"एक वर्ष. मग परत वाढवायचं."

आबा खुर्चीतून उठलेच. "एक वर्स? आरं, नाव कुनी वर्साच्या बोलीनं घेतं व्हय? नाव जल्मभराचं आसतं!"

आप्पांना मात्र चटकन समजलं. "आबा, खंडानं घेतलंय हो! दर साली पावती फाडायची. वावर कसायचं, पर मालक न्हाई."

गुरुजींनी पिशवीतून हळदकुंकू काढून मॉनिटरला लावलं. मग नारळ काढला. कॅफेवाला गल्ला सोडून धावत आला, "गुरुजी, बाहेर! पायरीवर! आत पाणी सांडलं तर दहा मशिनी जातील!" पायरीवर नारळ फुटला, आतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खोबरं आणि साखर मिळाली. चॅटिंग करणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी प्रसाद घेऊन नमस्कारसुद्धा केला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा कॉम्प्युटरची एंटरची बटणं चिकटत होती.

*

वेबसाइट ठेवायला जागा लागते. आम्ही फुकटातली घेतली, आणि घोडभीमा डॉट कॉम उघडलं की ते गुपचूप त्या फुकटच्या जागेवर नेऊन सोडेल, अशी सोय केली. हे सात टोप्यांना कसं समजावायचं म्हणून मी रात्रभर तयारी केली. काही गरज नव्हती.

"म्हंजी पाटी आपली, दुकान लोकाचं," आबा म्हणाले. "उद्या त्यानं हाकललं तर पाटी उचलायची, दुसऱ्या गाळ्यावर लावायची. गिऱ्हाइकाला पत्ता न्हाई."

कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला सरांनी दोन तास घेतले होते!

पण फुकटच्या दुकानात मालकाच्या जाहिराती असायच्या. पहिल्याच पानावर संचालकांचा फोटो, आप्पा मध्यभागी, दोन खुर्च्या व्यापून. त्याच्या बरोबर वर इंग्रजीत लाल अक्षरं चमकायची, "पोट कमी करा! तीस दिवसांत!" आणि एक बाण खाली. बाणाचं टोक थेट आप्पांवर.

आप्पांनी विचारलं, "वर काय चमाकतंय गं?"

मी म्हटलं, "स्वागत करतंय, आप्पा."

"ऱ्हाऊ दे. झ्याक दिसतंय."

दोन महिने आप्पांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवलं. मग त्यांचा इंजिनियर जावई सुट्टीला आला आणि त्यानं वाचून दाखवलं. ऑफिसचा फोन वाजला. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. "आबाला दे फोन," एवढंच म्हणाले. "ह्ये त्याचंच काम हाय. माजं पोट त्याच्या डोळ्यात पैल्यापासून खुपतंय!"

*

आता मुद्द्याची गोष्ट. मुलींची नावं-पत्ते वेबसाइटवर द्यायचे नाहीत, हे मलाही पटत होतं. म्हणून प्रत्येक मुलीला एक नंबर आणि त्या नंबराचा घोडभीमाचा एक ई-मेल पत्ता. सतरा नंबरच्या मुलीला कुणी लिहिलं, की ते पत्र घोडभीमाकडे यायचं आणि तिथं न थांबता आपण सांगू त्या पत्त्यावर पुढं जायचं. पोस्टातले लोक बदली झालेल्या माणसाचं टपाल नव्या गावाला पाठवतात तसं. मधे कुणी फोडायचं नाही.

"पुढं कुणाकडं?" गुरुजींनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "वडिलांकडे. नियम आहे."

म्हणून नव्या फॉर्मवर रकाना टाकला, "वडिलांचा ई-मेल." महिनाभरात फॉर्म भरून आले. एकानं लिहिलं, "चालू आहे." एकानं शेजारच्या किराणा दुकानाचा फोन दिला. एकानं लिहिलं, "एकर चार." आणि एका सज्जन माणसानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "ई-मेल नाही. विहीर आहे."

आता सांगा, विहिरीत पत्र कसं सोडायचं?

मुलींकडे मात्र ई-मेल होते. कुणी कॉलेजच्या लॅबमध्ये काढलेला, कुणी बाजाराच्या दिवशी कॅफेत येऊन मैत्रिणीबरोबर काढलेला. मी एकेकीला फोन केले, शाळा-कॉलेजात निरोप धाडले, आणि वडिलांच्या रकान्यात मुलींचेच पत्ते टाकले. चाळीसच्या चाळीस! कुणी विचारलंच नाही. आबांना वाटत होतं पत्रं बापांकडे जातात, बापांना वाटत होतं पत्रंच येत नाहीत.

हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी माझी नोकरी जाईल, हे मला माहीत होतं. नोकरीचं काय एवढं? पण चाळीस मुलींचे पत्ते एका बैठकीत बंद झाले असते. त्यातल्या एकीनं मला लिहिलं होतं, "ताई, दहावीच्या हॉल तिकिटानंतर माझ्या नावाचं हे पहिलंच काहीतरी माझ्या हातात आलं." असं वाचल्यावर रविवारच्या बैठकीत शांत चेहऱ्यानं चहा ओतायला शिकले मी!

*

वेबसाइट चालली, तसा आबा आणि आप्पांचा एकमेकांवरचा विश्वासही चालता झाला. दोघांनाही घोडभीमाचा एकेक पत्ता दिला होता, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष म्हणून.

एका सोमवारी आबा हळूच म्हणाले, "पोरी, आप्पाला जे येतं ना, ते मलाबी येऊ दे. पर त्येला कळाय नगं."

मी सोय केली. उपाध्यक्षांना आलेलं पत्र अध्यक्षांनाही जाईल.

बुधवारी भांडगावहून आप्पांचा फोन. "सुवर्णे, कुनाला बोलू नगंस. आबाला आलेली समदी पत्रं मला दाव. मंग बगू, चांगली स्थळं शिरूरलाच कशी जिरत्यात ते!"

हीपण सोय केली. हुकूम तो हुकूम! दोघांनीही "कुणाला बोलू नको" म्हटलं होतं, म्हणून मी स्वतःशीसुद्धा बोलले नाही.

शुक्रवारी जामखेडकडच्या एका मुलानं अध्यक्षांना बायोडेटा पाठवला. तो अध्यक्षांकडून उपाध्यक्षांकडे गेला, तिथून परत अध्यक्षांकडे, तिथून परत उपाध्यक्षांकडे... आणि प्रत्येक फेरीत दोघांच्या पेटीत एकेक प्रत टाकत गेला. सोमवारी दोघांच्या पेट्या गच्च. तोच फोटो, तोच निळा शर्ट, तीच जन्मवेळ.

मी घाबरून कॅफेत गेले तर आबा तिथंच बसलेले, डोळ्यांत पाणी. "बग की गं ह्या पोराची चिकाटी! एका सोयरिकीपायी किती बारी अर्ज केलाय! आजकाल कुठं ऱ्हायल्यात आशी पोरं?"

ऑफिसात परत येते तोच आप्पांचा फोन. "ते जामखेडचं पोरगं हातचं सोडायचं न्हाई. जावई आसा पायजे. धरलं की सोडत न्हाई!"

मी दोन्ही सोयी गुपचूप काढून टाकल्या. त्या मुलाला शिरूरहून एक आणि दौंडहून दोन स्थळं सांगून आली. पुढच्या माघात लग्न झालं. मी अक्षता टाकायला गेले होते. मुलगा खरंच चांगला आहे. त्यानं अर्ज एकदाच केला होता एवढंच.

*

ई-मेलच्या पत्त्यात घोडभीमाच्या आधी, नंबराच्या जागी, लोक काहीही लिहायचे. ज्या पत्त्याचं कुणी नाही, तो माझ्याकडे यावा अशी मी सोय केली होती. नाहीतर एखादं खरं पत्र चुकून हरवायचं. पण त्यामुळे काय काय यायचं! एका मुलानं चक्क "गोरी" या पत्त्यावर लिहिलं. असा पत्ताच नव्हता, त्यानं मनानंच बनवला. खाली मागण्या: मुलगी गोरी, शिकलेली, नोकरीची, घरकामाची आवड असलेली, शेतात जाण्याची तयारी असलेली, आणि मितभाषी.

मी उत्तर दिलं, "गोरी या पत्त्यावर सध्या कुणी राहत नाही. शिकलेली या पत्त्यावर चौकशी करावी. मात्र तिथून उलट प्रश्न येतात."

गडी हट्टी! त्यानं "शिकलेली"वर लिहिलं. मी त्याला अकरा प्रश्न पाठवले. पहिला, "भाकरी येते का?" शेवटचा, "मितभाषी आहात का?"

त्यानं विचार करायला आठ दिवस मागितले. अजून विचारच चालू आहे.

*

एका रविवारी मी नवे फॉर्म वेबसाइटवर चढवत होते. यांत्रिकपणे टाइप करत गेले: उंची पाच फूट दोन इंच, रंग निमगोरा, शिक्षण बी.एस्सी. कॉम्प्युटर, नोकरी वधू-वर सूचक मंडळात...

थांबले. गुरुजींचं सुंदर अक्षर. खाली लिहिलेलं, "स्वभाव: शांत."

"गुरुजी, हा फॉर्म कुणी दिला?"

"तुझ्या वडिलांनी," गुरुजी चष्म्याआडून म्हणाले. "स्वभावाचं मी घातलं. फॉर्म बरा दिसावा म्हणून."

मी स्वभावाच्या पुढं टाइप केलं, "समक्ष विचारावा." अजूनपर्यंत कुणी समक्ष आलेलं नाही!

*

वडगाव रासाईची संगीता. एकतीस नंबर, डी.एड. झालेली, गावच्याच शाळेत शिकवणारी. तिला पारनेरकडच्या एका मुलाचं पत्र आलं. थेट तिला, नियम मोडून. बागायत आहे, विहीर आहे, ट्रॅक्टर आहे, सगळं लिहिलेलं. संगीतानं उत्तरात एकच ओळ लिहिली: "घरी संडास आहे का? असल्यास फोटो पाठवावा."

आठ दिवसांनी फोटो आला. स्कॅन करून! चुन्यानं रंगवलेला नवाकोरा संडास, आणि त्याच्या दाराशेजारी मुलाचे वडील, फेटा बांधून, ताठ उभे, एखाद्या किल्ल्याची राखण करत असल्यासारखे. मागच्या भिंतीचा रंग ओला दिसत होता. म्हणजे प्रश्न गेल्यावरच बांधलेला.

संगीतानं मला तो फोटो कॅफेत दाखवला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की कॅफेवाल्यानं पंखा आमच्याकडे वळवला. मग ती एकदम गंभीर झाली. "ताई, मी विचारलं आणि त्यांनी बांधला. माझं कुणी असं आजवर ऐकलंच नव्हतं."

तिनं रीतसर वडिलांना सांगितलं, मंडळातून स्थळ येतंय म्हणून. बघायचा कार्यक्रम ठरला. आबा आणि गुरुजी मध्यस्थ म्हणून वडगावला गेले. पोहे झाले, चहा झाला. मुलाकडचे वडील, तेच फेटेवाले, मोठ्या मनानं म्हणाले, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार. लाजू नगंस."

संगीता म्हणाली, "नाही मामा. सगळं विचारून झालंय."

आबांनी गुरुजींकडे पाहिलं. मुलाचे वडील तर खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाले, "व्हय की! पोरीनं पत्रातच समदं इचारलं. फोटोबी मागितला!"

आबांनी बशी खाली ठेवली. "कंचं पत्र?"

लग्न ठरलं. पण येताना जीपमध्येच आबांनी बैठक ठरवली, असं गुरुजींनी मला सांगितलं. "रविवारी बैठक आहे," ते म्हणाले. "तू ये." जणू मी चहा करायला येतच नव्हते!

*

रविवारी सातही टोप्या हजर. कॉम्प्युटर आता ऑफिसातच होता, जुना, पण मंडळाचा. आबांनी मला त्याच्यासमोर बसवलं.

"किती पोरींची पत्रं पोरींकडं जात्यात?"

"चाळीस."

"बापांकडं?"

"एकपण नाही."

चार-पाच जण एकदम बोलायला लागले. ही पोर मंडळ बुडवणार, समाजात तोंड दाखवायला जागा नाही, कॉम्प्युटर आणला तिथंच चुकलं. आबांनी हात वर केला. "भांडान नगं. ठराव घालू. गुरुजी, लिवा. आजपास्नं समद्या पोरींची पत्रं अध्यक्षांच्या पत्त्यावर यायची. अध्यक्ष वाचून बापाला देतील."

गुरुजींनी लिहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग आप्पा घसा खाकरत म्हणाले, "ठराव बराबर हाय. फकस्त आमच्या शोभाचं तेवढं ऱ्हाऊ द्या. नऊ नंबर. ते घरचं हाय."

"घरचं म्हंजी?" आबांनी विचारलं.

"म्हंजी आमच्या पोरीचं पत्र तुमी कशाला वाचायचं, आबा? परक्यानं?"

गुरुजींनी लिहिलं, "नऊ वगळून." आणि पेन न उचलता पुढं स्वतःच लिहिलं, "बावीस वगळून."

"बावीस कोण?"

"माझी धाकटी," गुरुजी वहीत बघत म्हणाले.

मग एकेक हात वर यायला लागला. चौदा वगळा. सहा वगळा. एकाच्या दोन पुतण्या, एकोणीस आणि वीस. ठराव अर्धी ओळ आणि वगळलेले आकडे दीड ओळ. ज्यांचे बाप खोलीत नव्हते, तेवढ्याच मुली उरल्या. त्यांची पत्रं वाचायला सगळ्यांची एकमतानं मंजुरी होती!

आबा खालमानेनं ऐकत होते. मग सावकाश म्हणाले, "न्हाई. ठरावाला ठिगळं न्हाई लागत. कायदा आसंल तर माज्या घरापास्नं. सुवर्णे, तीन नंबर काढ."

तीन नंबर म्हणजे अर्चना, आबांची थोरली नात. पुण्यात होस्टेलला, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला एका मुलाची पत्रं येत होती आणि ती उत्तरं देत होती, एवढं मला माहीत होतं. काय लिहीत होती ते मला माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं.

मी पान उघडलं. तीन नंबर, आणि पुढं चौकटीत अर्चनाचा पत्ता.

"ते पूस. तितं माजा टाक. माज्या डोळ्यांदेखत."

माझा हात माउसवर होता. सगळे पुढं वाकले. आप्पासुद्धा.

"नाही टाकणार, आबा."

"मी अध्यक्ष हाय."

"हो."

"आजा हाय मी तिचा. अंगाखांद्यावर खेळवलीय."

"माहीत आहे. पत्र तिला लिहिलंय, आबा. तिचंच आहे. मी नाही वळवणार. तिचंही नाही, आणि जिचा बाप इथं बसलेला नाही तिचंही नाही. दुसरं कुणाला बसवायचं असेल तर बसवा. पण घोडभीमा माझ्या नावावर आहे, आणि पासवर्ड मी देणार नाही."

आबा बाकीच्यांकडे वळले. "ठराव कुनाकुनाला मंजूर?" गुरुजींचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला. कुणी मान हलवतंय का म्हणून मी एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले.

खोलीत सात टोप्या होत्या. एकही हलली नाही.